धुळीला उडवते ती धूळच

कोळशाच्या बंदराचा किंवा साठवण-तळाचा विस्तार निघाला की जनसुनावणीत दोन वाक्यं हमखास कानावर येतात. लोक म्हणतात, "खिडकीच्या चौकटीवर रोज काळी पूड बसते." प्रकल्पाचे तज्ज्ञ म्हणतात, "धुळीची चोवीस तासांची सरासरी मर्यादेत आहे." ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. कशी, ते कळायला धुळीचा कण ढिगावरून सुटतो कसा, इथून सुरुवात करावी लागते. या सगळ्या विषयातला हा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो, म्हणून तो सविस्तर सांगतो.

कण जितका बारीक तितका तो सहज उडतो, असं आपण धरून चालतो. एकदा हवेत गेल्यावर ते बरोबर आहे, पण सुटण्याच्या क्षणी नाही. कणाला खाली धरून ठेवणारी बलं दोन: त्याचं वजन आणि शेजारच्या कणांशी असलेली चिकटण. वजन व्यासाच्या घनाप्रमाणे बदलतं, चिकटण साधारण व्यासाच्या प्रमाणात. म्हणजे कण दहापट लहान झाला तर वजन हजारपट घटतं, चिकटण मात्र दहापटच. वजनाच्या तुलनेत चिकटण शंभरपट वाढली! म्हणून दोन-पाच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण चांगल्या वाऱ्यातही ढिगाला धरून बसतो. मोठा खडा जड म्हणून हलत नाही. वाऱ्याला सर्वांत आधी वश होतात ते मधले, साधारण ७५ ते १०० मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपासचे कण.

हे मधले कण दूर जात नाहीत. ते काही सेंटीमीटर वर उसळतात, वाऱ्याकडून वेग घेतात आणि तिरपे खाली आदळतात. कॅरमचा स्ट्रायकर सोंगट्यांच्या गठ्ठ्यावर बसावा तसा हा आघात असतो. वाऱ्याला जे सुटलं नव्हतं ते बारीक कण या आघाताने मोकळे होतात, शिवाय दोन-चार मधले कणही उसळतात आणि पुढच्या आघाताला तयार होतात. साखळी सुरू होते. राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश अभियंत्याने १९३० च्या दशकात लिबियाच्या वाळवंटात आणि मग वातबोगद्यात वाळूच्या या उड्यांचा अभ्यास केला. कोळशाच्या बाबतीत आणखी एक भर पडते: कोळसा ठिसूळ असल्याने आदळताना फुटतो आणि नवीन बारीक पूड तयार करतो.

आता सुटल्यानंतरचा हिशेब. १०० मायक्रॉनचा कण दहा मीटर उंचीवरून अर्ध्या-पाऊण मिनिटात खाली येतो. तोच तुमच्या चौकटीवर दिसतो. १० मायक्रॉनचा कण सेकंदाला जेमतेम चार मिलिमीटर उतरतो, म्हणजे दहा मीटरला चाळीस मिनिटं. तेवढ्यात सेकंदाला पाच मीटरचा वारा त्याला बारा किलोमीटर नेऊ शकतो. अडीच मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेतही अकरा तास लागतील, आणि हवा इतका वेळ स्थिर कधीच नसते. फुफ्फुसात खोलवर जातो तो हाच, न दिसणारा. चौकटीवरची काळी पूड त्याच्या येण्याची वर्दी देते, इतकंच. मात्र काळं ते सगळं कोळसाच असंही नाही. डिझेलची काजळी आणि टायरची झीजही काळीच असते. सूक्ष्मदर्शकाखाली कोळशाचे तुकडे धारदार, कोनदार दिसतात, काजळी बारीक गोळ्यांच्या झुबक्यांसारखी. नमुना तपासून घेतला की हा वाद तरी मिटतो.

उघड्या वाघिणींची (मालडब्यांची) मालगाडी ताशी ६० किलोमीटरने निघाली की वरच्या कोळशावरून सेकंदाला जवळपास १७ मीटर वेगाने हवा घासते. हे वादळी वाऱ्याइतकं झालं. पण ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये, जिथून जगात सर्वाधिक कोळसा निर्यात होतो, रुळांशेजारच्या मोजणीत एक वेगळीच गोष्ट पुढे आली: रिकाम्या कोळसागाड्या जातानाही धूळ वाढत होती. रिकाम्या वाघिणीच्या तळाशी आणि कडांना पूड राहते, रुळांमधल्या खडीत सांडलेली असते, आणि प्रत्येक गाडी ती पुन्हा उठवते. तिथल्या नागरिकांनी २०१३ मध्ये स्वतः यंत्रं लावून मोजणी केली आणि वाघिणी झाका, अशी मागणी धरून ठेवली. त्यांचा विरोध असलेल्या चौथ्या कोळसा-टर्मिनलला २०१५ मध्ये मंजुरी मिळाली, पण २०१८ मध्ये कंपनीनेच तो बेत सोडला.

सरासरीचं कोडं इथेच सुटतं. समजा, एरवी हवेत घनमीटरला ३० मायक्रोग्रॅम धूळ आहे. दिवसात तीस गाड्या जातात, प्रत्येक गाडी दोन मिनिटं २०० मायक्रोग्रॅमची भर घालते. एकूण एक तास झाला. चोवीस तासांवर पसरली की ही भर आठच्या आसपास येते आणि सरासरी ३८ दिसते. जागतिक आरोग्य संघटनेची पीएम १० साठीची, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या धुळीसाठीची, २०२१ ची चोवीस तासांची मर्यादा ४५ आहे. कागद स्वच्छ, आणि रुळाशेजारच्या माणसाने मात्र तीस वेळा २३० ची हवा घेतलेली.

सध्या धुळीवर पाण्याच्या तोफांचा मोठा गाजावाजा चालतो. कॅमेऱ्यात त्या छान दिसतात. पण थेंब कणापेक्षा खूप मोठा असला की त्याच्यासमोरची हवा बाजूला वळते आणि बारीक कण हवेबरोबर वळसा घालून निसटतो. ढिगावर पाणी मारणं त्यापेक्षा बरं, कारण ओलाव्याने चिकटण वाढते. पण कोळशावर पाणी नीट पसरत नाही, म्हणून त्यात पाणी पसरवणारं द्रव्य मिसळावं लागतं, आणि वरचा थर वाळला की पुन्हा फवारा. हे काम अविरत करावं लागतं, पाहणीच्या दिवशीपुरतं नव्हे.

गोव्यात वास्कोच्या जनसुनावण्यांत २०१७ साली लोकांनी कोळसा हाताळणीच्या विस्ताराला विरोध केला. कोळशाच्या वाहतुकीसाठीच रेल्वेमार्ग दुपदरी होतोय, असं म्हणत नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्यातल्याच चांदरला लोक रात्रभर रुळांवर बसले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच मार्गावरच्या कॅसलरॉक-कुळे टप्प्याच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. अमेरिकेत बाल्टिमोरच्या कर्टिस बे वस्तीजवळच्या कोळसा-टर्मिनलमध्ये ३० डिसेंबर २०२१ ला स्फोट झाला. त्यानंतर रहिवाशांनी शास्त्रज्ञांना सोबत घेऊन वस्तीभर यंत्रं बसवली, आणि वस्तीत ठिकठिकाणी कोळशाची धूळ सापडल्याचं २०२३ मध्ये राज्याच्या पर्यावरण विभागानेही मांडलं.

सुनावणीला जाणाऱ्यांनी म्हणूनच सरासरीवर वाद घालत बसू नये. दर मिनिटाची नोंद मागावी, तिच्याशेजारी वाऱ्याची दिशा, वेग आणि गाडीची वेळ मागावी, यंत्र वस्तीच्या बाजूला लावायला सांगावं. आणि वाघिणी झाकण्याच्या अटीत रिकाम्या परतीच्या गाड्याही लिहून घ्याव्यात.