टॅपेटचा आवाज की मॅनिफोल्डचा लीक?

जुन्या अँबेसिडरच्या नाहीतर पद्मिनीच्या बॉनेटखालून टिक-टिक ऐकू आली की आमच्या रत्नागिरीकडे निदान एकच: टॅपेट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग. टॅपेट कव्हर उघडायचं, स्क्रू आवळायचे, आवाज जरा कमी झाला की गाडी परत द्यायची. अशा कित्येक गाड्यांचे टॅपेट ठणठणीत असतात. पॅकिंग उडालेलं असतं ते एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे सिलिंडरमधला जळका वायू गोळा करणाऱ्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) नळीचं, आणि त्याच्याकडे कोणी वाकूनसुद्धा पाहत नाही.

हे मी चिडून लिहितोय, कारण माझ्या अँबेसिडरचा चार नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह याच चुकीपायी जळला. "अजून थोडा आवळतो काका, बसेल आवाज," असं म्हणत मिस्त्रीने दोनदा टॅपेट आवळले. आवाज बसला नाही, कारण तो टॅपेटचा नव्हताच.

टॅपेट का वाजतो ते थोडक्यात. जुन्या १४८९ सीसी पेट्रोल अँबेसिडरमध्ये आणि १०८९ सीसी पद्मिनीतही कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह हलवणारा दांडा) ब्लॉकमध्ये, वर त्याचा धक्का पोचवणारे पुशरॉड आणि व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यात मुद्दाम ठेवलेली फट असते, अँबेसिडरच्या त्या इंजिनात ०.०१५ इंच. फट वाढली की वाजतं. झालं.

मॅनिफोल्डचा लीक तसाच का वाजतो? हेड आणि मॅनिफोल्डच्या मधलं पॅकिंग एखाद्या पोर्टजवळ (वायू बाहेर पडायच्या भोकाजवळ) जळलं, की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाखालचा वायू त्या बारीक फटीतून उडतो. हा फटका बसतो इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा. प्रत्येक रॉकरचा ठोकाही दोन फेऱ्यांत एकदाच. ८०० आरपीएमच्या आयडलिंगला दोन्ही मिनिटाला ४००. म्हणून ताल ऐकून फरक कळेल ही आशा सोडा. मोठे मोठे कान तिथेच फसतात.

फरक आहे तो लोडचा, म्हणजे इंजिनावर पडणाऱ्या भाराचा, आणि सगळा घोळ इथेच होतो. लोक बॉनेट उघडून उभ्या गाडीत रेस देतात आणि म्हणतात, "बघा, रेस दिली की आवाज वाढतो." दोन्ही आवाज वाढणारच. उभ्या गाडीत आरपीएम वाढतो, लोड जवळजवळ काहीच नसतो, त्यामुळे ती परीक्षा निरुपयोगी आहे. आरपीएम तोच ठेवून फक्त लोड बदलायला हवा.

त्यासाठी घाटासारखी जागा नाही, आणि कोकणात घाटांना काय तोटा! चिपळूणच्या बाजूने परशुराम घाट चढायला घ्या. त्याआधी सपाटीवर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० ठेवून, काच खाली करून आवाज नीट ऐकून घ्या. मग चढावर तोच गिअर, तोच वेग. गिअर आणि वेग तेच म्हणजे आरपीएम तोच. बदललं फक्त एवढंच की पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जास्त दाबलाय. मॅनिफोल्ड लीक असेल तर टिक-टिकचं फटफट, चुरचुर असं काहीतरी होतं, आणि दरडीवरून किंवा कठड्यावरून आपटून ते स्पष्ट ऐकू येतं. उतरताना पुन्हा तोच गिअर, तोच वेग, पण पाय पूर्ण उचललेला. लीकचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो; फार तर मागे सायलेन्सरमध्ये फटाके फुटतात, कारण त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. टॅपेट मात्र चढ, उतार, सपाटी, तिन्ही ठिकाणी एकसारखा वाजतो.

कारण सरळ आहे. पिस्टन खाली पोचायच्या आधीच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, तेव्हा सिलिंडरमध्ये दाब शिल्लक असतो. थ्रॉटल जितकं उघडं, तितकं मिश्रण जास्त, तितका हा शिल्लक दाब जास्त. रॉकरचा ठोका ठरतो फट आणि वेग यांवर. गाडी चढतेय की उतरतेय याचा त्याला पत्ताच नसतो.

खात्रीसाठी दुसरी परीक्षा: आयडलिंगला एकेका प्लगची वायर काढा. हातात जाड रबरी मोजा हवा, आणि काढलेल्या वायरचं टोक इंजिनाला टेकवून अर्थ करा, नाहीतर कॉइलवर ताण येतो. लीक असलेल्या सिलिंडरची वायर काढली की त्याचा फटका एकदम मऊ पडतो. टॅपेट असेल तर इंजिन लंगडेल, टिक-टिक तशीच राहील. 'टिक'ऐवजी खोलवरचा 'ठक' येत असेल आणि वायर काढल्यावर तो दबत असेल, तर तो गजन पिनचा (पिस्टन जोडणाऱ्या पिनचा) किंवा बेअरिंगचा. तो विषयच वेगळा.

"थंड इंजिनात वाजतं आणि तापल्यावर जातं, म्हणजे टॅपेटला तेल पोचायला वेळ लागतो" हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. हे खरं आहे हायड्रॉलिक टॅपेटच्या नव्या गाड्यांबाबत. आपल्या या इंजिनांत टॅपेट भरीव. तेलाने फुगायचं त्यात काही नाही. थंडीत वाजून तापल्यावर जाणारा आवाज हे बहुतेक वेळा मॅनिफोल्डचंच लक्षण आहे. ४० सेंटिमीटर लांबीचं बीड ४०० अंशांनी तापलं की पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास वाढतं. तेवढ्यात फट तात्पुरती बुजते. मॅनिफोल्डलाच गेलेली चीर मात्र कधी कधी उलट वागते, तापल्यावर उघडते.

टॅपेट आवळून हा आवाज मारायला गेलात तर काय होतं? फट संपते, व्हॉल्व्ह सीटवर (बंद होताना टेकायच्या कडेवर) पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटला टेकूनच बाहेर जाते. टेकायलाच मिळालं नाही की कड जळते, कॉम्प्रेशन जातं आणि हेड उतरवावं लागतं. थोडा वाजणारा टॅपेट मला चालतो. मुका टॅपेट चालत नाही.

पॅकिंग की चीर हा प्रश्न किरकोळ. काजळीचा काळा पट्टा सांध्यावर असेल तर पॅकिंग, मॅनिफोल्डच्या अंगावर असेल तर चीर. दिसत नसेल तर थंड इंजिनात सायलेन्सरच्या तोंडाला ब्लोअर लावा आणि साबणाचं पाणी मारा; बुडबुडे जागा दाखवतात. तापलेल्या गाडीने भरला पऱ्या (ओढा) ओलांडणं हे मात्र चिरेला आमंत्रण आहे. लाल बीडावर गार पाणी, दुसरं काय होणार?

दुरुस्तीत वेळ खातात ते स्टड, म्हणजे मॅनिफोल्ड धरून ठेवणारे आटे पाडलेले दांडे. खाऱ्या हवेत, त्यात चार महिने पावसात ताडपत्रीखाली उभ्या गाडीत, नट स्टडशी एकजीव होतात. दोन-तीन दिवस गंज सोडवणारं तेल मारत राहा, गॅसच्या ज्योतीने नट तापवा, आधी किंचित आवळून मग सोडवा. परत बसवताना पितळी नट. लोखंडी नट मी इथे आता लावतच नाही. मॅनिफोल्डची हेडवर बसणारी बाजू सरळ पट्टीवर तपासा. वाकली असेल तर लेथवाल्याकडून फेसिंग (सपाट करून घेणं). लाल सिलिकॉन फासणाऱ्याकडे गाडी नेऊ नका. इथलं तापमान त्याला झेपत नाही. अँबेसिडरच्या या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकाच पॅकिंगवर, आणि काही नटांखालचा जाड वॉशर दोन्ही फ्लँज (जोडाच्या कडा) एकदम दाबतो. दोन्हींची जाडी सारखी नसेल तर वॉशर तिरपा बसतो आणि एक बाजू सुटते.

हे पुढच्या महिन्यावर ढकलू नका. पावसात काचा बंद, फायरवॉलची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याची) भोकं उघडी. गळणाऱ्या वायूतला कार्बन मोनॉक्साइड त्यातूनच आत येतो आणि त्याला वास नसतो. घाटात डोकं जड झालं तर आधी काचा उघडा, गाडी बाजूला घ्या.

नवं पॅकिंग बसवल्यावर दोन-तीनदा इंजिन पूर्ण तापवून पूर्ण थंड होऊ द्या, मग नट मधून बाहेरच्या दिशेने पुन्हा ओढा. टॅपेट तपासायचे ते त्यानंतर. फट मोजायच्या गेजची पात किंचित अडखळत सरकत असेल तर स्क्रूला पाना लावू नका.