माजी विद्यार्थी गौरव पुरस्कार: नामांकनाची फाइल नेमकी कुठे अडते

मुंबईतल्या एका कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघात नामांकनांच्या छाननीचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. परत जाणाऱ्या फायलींमध्ये माणूस कमी पडला, असं क्वचितच होतं. कागद कमी पडतो. आणि तो सगळ्यात जास्त कमी पडतो समाजसेवेच्या वर्गात, जिथे माणसं काम करत राहिली आणि पावत्या जपायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. म्हणून हे लिहितो आहे. प्रत्येक संस्थेचं परिपत्रक थोडंफार वेगळं असतं, ते आधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. अडचणी मात्र सगळीकडे याच.

पात्रतेचं सोपं आहे. त्या संस्थेची पदवी हवी, पदवीनंतर ठरावीक वर्षं झालेली हवीत, आणि व्यवसायातली कामगिरी किंवा समाजसेवा यांपैकी एक वर्ग निवडायचा. फॉर्म, दोन फोटो, ओळखपत्र आणि परिचयपत्र लागतं.

'ठरावीक वर्षं' कुठून मोजायची, इथे पहिली चूक होते. एप्रिल १९९८ मध्ये परीक्षा दिली, जूनमध्ये निकाल लागला, पण पदवी प्रमाणपत्र पुढच्या पदवीदान समारंभाचं, म्हणजे १९९९ चं. परिपत्रकात 'उत्तीर्ण वर्ष' म्हटलं असेल तर शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका बघा. 'पदवी प्रदान वर्ष' असेल तर प्रमाणपत्र. या एका वर्षाच्या फरकाने चांगली फाइल बाद झालेली मी पाहिली आहे.

प्रमाणपत्रावरचं संस्थेचं नाव बघूनही लोक घाबरतात. मुंबई विद्यापीठाच्या १९९६ पर्यंतच्या प्रमाणपत्रांवर 'युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे' आहे. व्हीजेटीआय या अभियांत्रिकी कॉलेजचं पूर्ण नाव १९९७ मध्ये बदललं, लघुरूप तेच राहिलं. माटुंग्याची यूडीसीटी, म्हणजे रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था, आधी यूआयसीटी झाली आणि २००८ पासून आयसीटी. फॉर्मवर प्रमाणपत्रात छापलं आहे तेच नाव लिहा आणि पुढे 'सध्याचे नाव' म्हणून आजचं द्या. नुसतं आजचं नाव लिहिलं की पडताळणी करणारा कारकून दोन कागद जुळत नाहीत असा शेरा मारतो.

खरा त्रास बायकांना होतो. पदवी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं. विवाह नोंदणी दाखला मागतात, आणि चाळीस वर्षांपूर्वी लग्न झालेल्या अनेकींकडे तो नसतोच. मग उरतं राजपत्र, म्हणजे सरकारी गॅझेटमध्ये नावबदल छापून घेणं. नावबदलाचा अर्ज आता ऑनलाइन करता येतो, पण प्रसिद्ध व्हायला वेळ जातो, त्यामुळे परिपत्रकाची वाट न बघता आधीच करून ठेवा. पुरुषाच्या फाइलवर हा प्रश्न कधीच येत नाही. इथे साधं प्रतिज्ञापत्र चालायला हवं, असं मी दर बैठकीत मांडतो आणि यंदाही मांडणार आहे.

प्रमाणपत्रच हरवलं असेल तर? २६ जुलै २००५ च्या पुरात कुर्ला-कलिनाकडच्या तळमजल्यांवरची कितीतरी कपाटं भिजून गेली. दुय्यम प्रतीसाठी विद्यापीठाच्या कलिन्यातल्या परीक्षा विभागात अर्ज करावा लागतो, आणि ते आठवड्याभरात होणारं काम नाही. तोवर कॉलेजकडून तुमच्या प्रवेशाच्या आणि उत्तीर्ण झाल्याच्या नोंदीचा दाखला घ्या आणि अर्जाची पोच सोबत जोडा.

आता सेवेचा पुरावा. मानखुर्दच्या एका बाईंचं नामांकन त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीने आणलं होतं. बावीस वर्षं घरच्या पोटमाळ्यावर अभ्यासिका चालवलेली. फॉर्ममध्ये 'संस्थेचा नोंदणी क्रमांक' हा रकाना होता, तो रिकामा, म्हणून पहिल्याच फेरीत फाइल बाजूला पडली. मी त्या विद्यार्थिनीला फोन केला. ती प्लास्टिकच्या पिशवीत हजेरीच्या वह्या घेऊन आली. कोपरे दुमडलेले, काही पानांवर चहाचे डाग, पण दर संध्याकाळची तारीख आणि मुलांच्या सह्या. यापेक्षा मोठा पुरावा कोणता? त्याला शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र आणि आता नोकरीला लागलेल्या तीन मुलांची पत्रं जोडली, रकान्यात 'वैयक्तिक कार्य, नोंदणीकृत संस्था नाही' असं लिहिलं आणि फाइल पुढे गेली. रकाना कधीच रिकामा सोडू नका. काम ट्रस्टमार्फत असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचं नोंदणी प्रमाणपत्र आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल लावा. वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर तारीख दिसलीच पाहिजे.

शिफारसपत्रांत 'थोर', 'निःस्वार्थी', 'तळमळीचे' असे शब्द भरून पानं खर्च होतात. समिती शोधते ते वेगळंच: काय केलं, कुठे, किती वर्षं, कुणाचं काय बदललं. पद्म पुरस्कारांच्या नामांकनातही कार्याचा गोषवारा ८०० शब्दांत बसवावा लागतो. आपल्यासाठी दोन पानं पुष्कळ झाली.

पद्मवरून आठवलं. तिथे स्वतःचं नाव स्वतः सुचवता येतं, म्हणून इथेही लोक तसंच करतात. बहुतेक माजी विद्यार्थी पुरस्कारांना स्वतःचं नामांकन चालत नाही. सूचक आणि अनुमोदक वेगळे लागतात, आणि ते संघाचे सभासद असावे लागतात. विद्यापीठाच्या अधिसभा (सिनेट) निवडणुकीसाठी केलेली 'नोंदणीकृत पदवीधर' ही नोंद म्हणजे संघाचं सभासदत्व नव्हे. ही गल्लत फार होते. ती पावती जोडून अर्ज आला की तो परत जातो, आणि वर्गणी भरेपर्यंत मुदत संपलेली असते.

ज्यांचं नामांकन करताय, त्यांची संमतीची सही घ्या. सरांना अचानक आनंद द्यायचा म्हणून सही न घेता आलेल्या फायली मनावर दगड ठेवून परत कराव्या लागतात.

मुदतीबद्दल नीट वाचा. '३१ तारखेपर्यंत पोहोचावे' याचा अर्थ त्या दिवशी संध्याकाळी ऑफिस बंद होण्याआधी टेबलावर. ३० ला स्पीड पोस्ट केलं, हे चालत नाही. शेवटची तारीख शनिवार-रविवारी येत असेल तर शुक्रवारीच या. ऑनलाइन फॉर्म भरला तरी छापील प्रत मागितली आहे का, तेही तपासा. आणि फाइल देताना आपल्या झेरॉक्सवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, समोरचा माणूस कितीही ओळखीचा असला तरी.