90 दिवस की 3 वर्षं? कामगार कपातीनंतरचा नेहमीचा घोळ

परवा पुन्हा तेच. एक फिटर, हातात प्लास्टिकचं फोल्डर, वरच्या कागदावर लेबर ऑफिसचा आवक शिक्का. "साहेब, केस चालू आहे माझी." चालू होती ती समेटाची, म्हणजे मालकाशी तडजोडीची तारीख. कोर्टात त्याचा एक कागद नव्हता आणि कपातीच्या पत्राला आठ महिने झाले होते.

कामगार आयुक्तांकडची वाट सगळ्यांना पाठ आहे. मागणीपत्र, तारखा, मालकाचा माणूस येतो किंवा येत नाही, शेवटी फेल्युअर रिपोर्ट, म्हणजे समेट फसल्याचा अहवाल. औद्योगिक विवाद कायद्याच्या 2010 च्या दुरुस्तीनंतर, आयुक्तांकडे अर्ज देऊन 45 दिवस झाले की कलम 2-अ खाली थेट लेबर कोर्टात जाता येऊ लागलं. मात्र कामावरून काढल्यापासून 3 वर्षांच्या आत. ही 3 वर्षं लोकांच्या डोक्यात अशी बसली आहेत की दुसरा आकडा शिरतच नाही.

दुसरी वाट महाराष्ट्राची स्वतःची: 1971 चा एमआरटीयू-पल्प कायदा, म्हणजे कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा; बोलीभाषेत यूएलपी. कलम 28 प्रमाणे अनुचित प्रथा घडल्यापासून 90 दिवसांत तक्रार. मध्ये आयुक्त नाही, थेट कोर्ट, आणि अंतरिम आदेशही मागता येतो. कायम कामगाराला मी डोळे झाकून हीच वाट सांगतो. ठेकेदाराच्या हजेरीपटावर असाल तर गोष्ट वेगळी. मालक कोण हाच वाद असेल तर यूएलपी टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सिप्लाच्या प्रकरणात 2001 मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता खरा गोंधळ. आयुक्तांकडे तारखा पडत असल्या म्हणून यूएलपीचे 90 दिवस थांबत नाहीत. वकिलाची नोटीस पाठवली तरी थांबत नाहीत. एचआरने "बघू, परत घेऊ" म्हटलं तरी नाहीतच. आणि एकाच बाबीवर दोन्ही कायद्यांखाली प्रकरण चालवता येत नाही, कलम 59 आड येतं. त्यामुळे वाट पहिल्याच महिन्यात ठरवायला हवी.

पण मुदत चुकलीच तर? इथे जवळजवळ सगळे उलटं धरून बसतात. 90 दिवस गेले की माणूस हाय खातो, आणि 3 वर्षांना मात्र सैल धरतो. कायद्यात नेमकं उलट आहे. कलम 28 मध्येच सोय आहे: योग्य आणि पुरेसं कारण दाखवलं तर कोर्ट 90 दिवसांनंतरची तक्रारही घेऊ शकतं. त्यासाठी तक्रारीसोबत विलंब माफीचा वेगळा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र लागतं. 2-अ च्या 3 वर्षांना अशी सोय कलमात लिहिलेलीच नाही. ती उलटली की जुन्या कायद्यात सरकारकडून रेफरन्स मागणं, म्हणजे वाद सरकारमार्फत कोर्टाकडे पाठवून घेणं, एवढंच उरायचं. रेफरन्सला ठरावीक मुदत नसते, हे अजैब सिंग प्रकरणात 1999 मध्ये ठरलं. पण पुढच्याच वर्षी नेदुंगडी बँकेच्या प्रकरणात सात वर्षांनी उकरलेला वाद शिळा म्हणून फेटाळला गेला.

त्यात 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. 3 वर्षांची 2 झाली, सरकारी रेफरन्स गेला. आणि गंमत म्हणजे तिच्यातही एक 90 आहे: समेट फसल्याचा अहवाल मिळाल्यापासून न्यायाधिकरणात जायला 90 दिवस. यूएलपीचे 90 मोजायचे ते काम गेल्यापासून, हे मोजायचे ते अहवाल हाती आल्यापासून. पुढची दहा वर्षं मला हेच समजावत बसावं लागणार, दिसतंच आहे.

विलंब माफीच्या अर्जात "आजारी होतो" लिहून विकतचं सर्टिफिकेट जोडणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे. उलटतपासणीत ते पाच मिनिटं टिकत नाही. त्या फिटरकडे खरं कारण होतंच: आठ महिन्यांतल्या आयुक्तांकडच्या तारखा. मुदत त्यांनी थांबली नव्हती, पण हा माणूस झोपला नव्हता एवढं त्या दाखवतात. आम्ही प्रत्येक तारीख हजेरीच्या नोंदीसकट अर्जात उतरवली. एकच गोष्ट सापडली नाही, कपातीचं पत्र ज्या पाकिटातून आलं ते पाकीट. पत्रावर 3 तारीख, हातात पडलं 19 ला, असं तो म्हणतो. पोस्टाचा शिक्का असलेलं ते पाकीट बायकोने रद्दीत दिलं होतं.