लुनाला साडेतीन सेकंद आधी सोडा

गेल्या दिवाळीत काकांच्या शेतावर आम्ही शर्यत लावली. गोदामापासून विहिरीकडे जाणारा त्यांचा खासगी सिमेंटचा रस्ता तीनशे मीटर सरळ आहे. टेपने शंभर मीटर मोजले, दोन्ही टोकांना चुन्याची रेघ ओढली आणि उरलेले दोनशे मीटर ब्रेक मारायला मोकळे ठेवले. एका बाजूला माझी ११० सीसीची स्कूटर. दुसऱ्या बाजूला काकांची जुनी लुना, दुधाच्या किटल्या वाहून वाहून मागचं कॅरियर वाकलेली. लुनावर ताईचा मुलगा, वजन जेमतेम पन्नास किलो, डोक्यावर माझं जुनं हेल्मेट.

पहिल्या फेरीत स्कूटरला ९.५ सेकंद लागले, लुनाला १३. बघायला जमलेली पोरं हिरमुसली, कारण तिसऱ्या सेकंदालाच निकाल कळला होता. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "लुनाला थोडं आधी सोडलं तर?"

अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगची सर्वांत लोकप्रिय शाखा नेमकी याच प्रश्नावर उभी आहे.

ड्रॅग रेस म्हणजे वळण नसलेली शर्यत. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो, सरळ रेषेत जो आधी पोचेल तो जिंकला. पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे १,३२० फूट किंवा ४०२ मीटर. पाव मैलाची ओढ अमेरिकेत मोटारीच्याही आधीची आहे. वसाहतींच्या काळात व्हर्जिनियात पाव मैलावर घोडे पळवले जात, आणि त्या अंतरावर तुफान धावणाऱ्या जातीला 'क्वार्टर हॉर्स' हेच नाव पडलं. चांगला क्वार्टर हॉर्स हे अंतर एकवीस सेकंदांच्या आसपास कापतो. माझ्या स्कूटरलाही पाव मैलाला चोवीस-पंचवीस सेकंद लागतील, तेव्हा तिने घोड्यापुढे फार ताठ मानेने उभं राहू नये.

१९५० साली कॅलिफोर्नियात सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर या शर्यती तिकीट लावून सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. रस्त्यावर जीव धोक्यात घालणाऱ्या तरुणांना बंदिस्त पट्टीवर आणणं हा तिचा हेतू होता. आज तिथल्या सर्वोच्च 'टॉप फ्युएल' वर्गातल्या गाड्या साधारण ११,००० अश्वशक्तीच्या असतात आणि हजार फूट चार सेकंदांच्या आत पार करतात. पण ज्याच्याकडे घरची जुनी स्टेशन वॅगन आहे, त्याने काय करायचं? त्याच्यासाठी आहे ब्रॅकेट रेसिंग.

ब्रॅकेट रेसिंगमध्ये चालक आपल्या गाडीला किती वेळ लागेल हे आधीच जाहीर करतो आणि तो आकडा काचेवर लिहितो. याला 'डायल-इन' म्हणतात. समजा, एका काचेवर १८.५० आहे आणि दुसरीवर ११.००. मग पहिली गाडी साडेसात सेकंद आधी सुटते. दोघांनी आपापला शब्द तंतोतंत पाळला, तर दोघं एकाच क्षणी शेवटची रेघ ओलांडतील. आणि इथे खरी गंमत येते. मुद्दाम जास्त वेळ जाहीर करून कुणी लबाडी करू नये, म्हणून जाहीर केलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचणारा हरतो. याला 'ब्रेकआउट' म्हणतात. दोघांनीही ब्रेकआउट केला, तर ज्याने कमी केला तो जिंकतो.

एवढ्या एका नियमाने शर्यतीचा अर्थच बदलतो. वेगाऐवजी आपल्या गाडीची अचूक ओळख मोजली जाते. सकाळी २० अंश तापमानात गाडी जशी पळते, तशी दुपारी ३० अंशांत पळत नाही, कारण गरम हवा विरळ असते आणि इंजिनाच्या प्रत्येक घोटात प्राणवायू तीन टक्क्यांहून थोडा जास्त घटतो. तेवढीच ताकद कमी होते. लुनाच्या १३ सेकंदांत त्यामुळे सुमारे १४ शतांश सेकंद वाढतात. म्हणून जाणते चालक हवेचा दाब, तापमान, आर्द्रता वहीत टिपून ठेवतात, टाकीत पेट्रोल किती आहे तेही लिहितात. बेभरवशाच्या वेगवान गाडीपेक्षा दर वेळी तेवढ्याच संथपणे जाणारी गाडी इथे जास्त मोलाची.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. ताकद तीन टक्के घटली, तर वेळही तीन टक्के वाढायला हवा ना? तसं होत नाही. वेळ एकाच टक्क्याने वाढतो, कारण ताकद आणि वेळ यांच्यात घनमुळाचं नातं आहे.

सूत्राशिवायही हे समजतं. तेवढंच अंतर निम्म्या वेळात कापायचं, तर वेग दुप्पट हवा. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. म्हणजे इंजिनाने चौपट ऊर्जा द्यायची, तीही निम्म्या वेळात. चार गुणिले दोन, आठ. निम्म्या वेळासाठी आठपट ताकद! वेळ एक तृतीयांशावर आणायचा असेल, तर सत्तावीसपट. कमाल वेगाचा हिशोब वेगळा असतो, तिथे हवेच्या अवरोधाशी झुंज असते, पण तिथेही वेग दुप्पट करायला साधारण आठपटच ताकद लागते. दोन वेगळ्या वाटांनी जाऊन निसर्ग एकाच आकड्यावर पोचतो याचं मला अजूनही नवल वाटतं.

हा हिशोब आमच्या शर्यतीला लावून बघू. लुनाची ताकद साधारण दोन अश्वशक्ती, स्कूटरची आठाच्या जवळ. म्हणजे चौपट. पण लुना आणि भाचा मिळून शंभर किलो, स्कूटर आणि मी मिळून एकशे ऐंशी. दर किलोमागे ताकद काढली, तर स्कूटर सव्वादोन पट सरस ठरते. सव्वादोनचं घनमूळ १.३. स्कूटरचे ९.५ सेकंद गुणिले १.३, म्हणजे लुनाला साडेबारा सेकंदांच्या आत-बाहेर लागायला हवेत. आमच्या मोजमापात १३ आले. कागदावरचं गणित चुन्याच्या रेघांवर इतकं जवळ उतरलेलं बघून मी काकांना वही नेऊन दाखवली.

याच घनमुळामुळे संथ गाड्या शर्यतीत टिकून राहतात. दर किलोमागे टॉप फ्युएलची गाडी माझ्या स्कूटरच्या अडीचशे पट ताकदवान आहे. तरी हजार फुटांचा अंदाज बांधला तर तिचे चार सेकंद आणि माझे वीस, फरक पाचपटच! ताकद वाढवत जा, वेळ मात्र कंजूषपणे कमी होतो. उलट दिशेने पाहिलं तर ताकद कमी असलेल्यांना निसर्ग फारशी शिक्षा करत नाही. दोन डुगडुग्या एकमेकींना घासून पळतात, याचं कारण हेच.

संथ गाडीचं आणखी एक सुख असतं. तिच्यावर पूर्ण रेस देता येते, पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत. बलाढ्य गाडीला सुरुवातीला इंजिन नाही, टायर अडवतो. जोर जास्त झाला की चाक जागच्या जागी फिरतं, म्हणून चालकाला ताकद आवरून धरावी लागते. कोरड्या सिमेंटवर मागच्या टायरची पकड जेवढा जोर पेलू शकते, त्याच्या निम्म्याच्या आसपासच जोर माझ्या स्कूटरचं इंजिन देतं. मूठ पिळली की पिळली. थोडं पुढे वाकलं, कोपर आत घेतलं, तरी फरक पडतो. आणि चुकलं तर? ताशी १८० किलोमीटर वेगात ताशी ६० च्या नऊपट ऊर्जा असते, थांबायलाही नऊपट अंतर लागतं. मोकळ्या, बंद जागेत हेल्मेट घालून ताशी साठच्या आत केलेली चूक बहुधा निभावते. सार्वजनिक रस्त्यावर मात्र ती निभावत नाही, तिथे हा खेळ कुणीही खेळू नये.

स्कूटर सुटताना तिचा आवाज ऐकला आहे? गिअरच्या मोटरसायकलसारखा तो चढत-उतरत नाही. एका पट्टीवर जातो आणि गाडी वेग घेत असतानाही तिथेच राहतो. आत दोन पुली आणि एक रबरी बेल्ट असतो. इंजिन फिरलं की पुढच्या पुलीतले रोलर केंद्रापासून बाहेर सरकतात, पुली मिटत जाते, बेल्ट वर चढतो आणि गिअर आपोआप, अखंड बदलत राहतो. इंजिन आपल्या सर्वोत्तम फेऱ्यांवर बसून राहतं. लुनाला एकच गिअर, त्यामुळे तिचं इंजिन सुरुवातीला धापा टाकतं आणि शेवटी किंचाळतं. भर ताकदीची वेळ मधली काही सेकंदच. गणितातले साडेबारा आणि घड्याळातले तेरा यांच्यातली तफावत मुख्यतः इथली.

हीच बेल्टची युक्ती मोटारीत आणली नेदरलँड्समधल्या डाफ कंपनीने, १९५८ साली. तिला व्हेरिओमॅटिक म्हणत. त्यातून एक अफलातून गोष्ट निघाली. साध्या गाडीत रिव्हर्सला एकच छोटा गिअर असतो, पण डाफमध्ये फक्त फिरण्याची दिशा उलटायची, बेल्ट-पुलीची सगळी कमाल तशीच उपलब्ध. ही गाडी जितकी वेगात पुढे जाई, तितकीच वेगात मागे! तिकडे उलट्या गाड्यांच्या शर्यती भरत आणि त्यात डाफला वेगळा गट द्यावा लागे, कारण बाकी कुणी तिच्या जवळपास टिकत नसे.

वीजगाड्यांनीही ड्रॅग पट्टीवर असेच धक्के दिले. ओरेगनमधल्या जॉन वेलँड यांनी १९७२ ची चिमुकली डॅटसन १२०० घेतली आणि तिच्यात फोर्कलिफ्टच्या कुळातली डीसी मोटर बसवली. 'व्हाइट झोंबी' या नावाची ही पांढरी, आजोबांच्या जमान्यातली गाडी पाव मैल बारा सेकंदांच्या आत जाऊ लागली आणि मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना मागे टाकू लागली. पेट्रोल इंजिनाला जोर यायला आधी फेऱ्या लागतात. विजेची मोटर शून्य फेऱ्यांवरही पूर्ण पीळ देते. गोदामात दोन टन माल उचलायला जो गुण हवा, तोच सुटताना कामी आला.

इंग्लंडमध्ये वेस्ट ससेक्समधल्या विस्बरो ग्रीन गावात १९७३ साली काही मंडळींनी ठरवलं की फारशा पैशाशिवाय करता येणारा मोटरस्पोर्ट हवा, आणि गवत कापायच्या यंत्रांच्या शर्यती सुरू झाल्या. पाती काढून टाकायची. रोख बक्षीस नाही, जाहिरात नाही. त्यातल्या एका गटात तर यंत्रावर बसायचंही नसतं, त्याच्या मागे पळायचं असतं. फॉर्म्युला वनचे नामवंत चालक सर स्टर्लिंग मॉस त्यांच्या बारा तासांच्या शर्यतीत उतरले आणि जिंकलेसुद्धा.

तर, काकूंची शर्यत. लुनाच्या टाकीवर खडूने १३.० लिहिलं, स्कूटरवर ९.५. फरक साडेतीन सेकंद. काकू दोन्ही हातांत रुमाल धरून उभ्या राहिल्या: डावा पडला की लुना सुटणार, साडेतीन सेकंदांनी उजवा पडला की मी. कुणीतरी म्हणालं, शिट्टी वाजवा. पण वेळ घेणारा फोन शंभर मीटर लांब, शेवटच्या रेघेपाशी स्टँडवर होता, आणि आवाजाला तिथे पोचायला जवळपास ०.३ सेकंद लागतात. रुमाल पडलेला मात्र त्याच क्षणी दिसतो. फोन सेकंदाला २४० चित्रं टिपत होता. मोठ्या पट्ट्यांवर चाक सुरुवातीच्या रेघेवरचा प्रकाशकिरण ओलांडतं तेव्हा घड्याळ सुरू होतं, त्यामुळे चालकाचा प्रतिसाद वेगळा मोजता येतो. आमच्याकडे ती सोय नव्हती, म्हणून आम्ही रुमालापासूनच मोजलं.

लुना सुटली आणि भाच्याने चक्क पायडल मारायला सुरुवात केली. कुणी शिकवलं नव्हतं. पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अगदी अचूक होतं ते: एका गिअरचं इंजिन जिथे सगळ्यात दुबळं असतं, त्या पहिल्या दहा मीटरांत माणसाच्या मांड्या सगळ्यात जास्त जोर लावतात. माझा रुमाल पडेपर्यंत तो बराच पुढे गेला होता. मी झुकलो, मूठ शेवटपर्यंत पिळली, पण रेघ त्याने आधी ओलांडली. पोरांनी नुसता दंगा केला.

मग फोनवर चित्रं मोजली. लुना, १२.४ सेकंद. जाहीर केले होते १३. ब्रेकआउट.

"म्हणजे मी जास्त जोरात आलो म्हणून हरलो?" त्याचा चेहरा बघवत नव्हता. काकूंनी नियम पुन्हा वाचायला लावला, दोनदा, आणि मग निकाल दिला: हरला. तो मिनिटभर गप्प बसला. मग लुनाच्या टाकीवरचा १३.० बाहीने पुसला आणि माझ्याकडे हात केला. "मामा, खडू दे. बारा पॉइंट चार लिहितो. आता तुला फक्त दोन पॉइंट नऊ थांबायचंय."

त्या फेरीत रेघेवर लुनाचं पुढचं चाक आधी दिसलं. माझं यायला पाच चित्रं लागली, सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग. पोरं फोनभोवती डोकी घालून ती पाच चित्रं मागे-पुढे सरकवत बसली होती, आणि काकू म्हणाल्या, आता मला बसू द्या एकदा लुनावर, माझं वजन आधी लिहून घ्या.