येतं, पण वर्गात बोलता का येत नाही?

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांत एक निदान सर्रास ऐकू येतं: ‘खेड्यावरच्या पोरांचा इंग्रजीचा पाया कच्चा.’ मग शहाद्याच्या होस्टेलवर बसून निबंध नीट लिहिणारी मुलगी वर्गात उभी राहिली की दोन वाक्यांत का अडते? मैत्रिणीला ती म्हणते, ‘माले येस, पन सांगता येत नही.’ ती खरं तेच सांगते आहे.

परकी भाषा वर्गात शिकतानाची भीती ही स्वतंत्र गोष्ट आहे, असं टेक्सास विद्यापीठातल्या इलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडलं. ती मोजायला त्यांनी ३३ विधानांची प्रश्नावलीही तयार केली.

मला भुरळ पडते ती या भीतीच्या कामाच्या पद्धतीची. वाक्य तोंडातून निघण्याआधी कार्यस्मृतीत, म्हणजे विचार करताना लागणाऱ्या गोष्टी क्षणभर हाताशी धरून ठेवणाऱ्या स्मृतीत, जुळतं. ही स्मृती म्हणजे एक बाकच समजा, आणि तोही जेमतेम चार जणांचा. मायबोलीत काळ, क्रियापद, उच्चार आपोआप येतात. बाक मोकळाच राहतो. इंग्रजीत प्रत्येकाला वेगळी जागा लागते. घरी अहिराणी किंवा पावरी, शाळेत मराठी, असं शिकत आलेल्या मुलीच्या बाकावर तर आधीच दाटी. त्यात ‘चुकलं तर सगळे हसतील’ हा विचार येतो, आणि तोही शब्दांचाच असतो! मनातल्या मनात शब्द घोळवणारा कार्यस्मृतीचा भाग ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन बॅडली यांनी अभ्यासला. त्यात साधारण दोन सेकंदांचं बोलणं मावतं. भीतीचं वाक्य तिथे घोळू लागलं की इंग्रजीचं वाक्य बाकावरून ढकललं जातं. लिहिताना अर्धं वाक्य कागद धरून ठेवतो, म्हणून निबंध जमतो.

याच्या मुळाशी रसायन आहे. कार्यस्मृती सांभाळणाऱ्या, कपाळामागच्या मेंदूच्या भागात (प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये) नॉरअ‍ॅड्रेनलिन हे ताणात वाढणारं रसायन बेताचं असेल, तर ते पेशींवरच्या अल्फा-२ए ग्राहींना, म्हणजे रसायन पकडणाऱ्या जागांना, जोडलं जातं आणि पेशींमधल्या जोडण्या बळकट होतात. ताण वाढून ते फार झालं की अल्फा-१ ग्राही कामाला लागतात आणि त्याच जोडण्या ढिल्या पडतात. येल विद्यापीठातल्या एमी आर्न्स्टन यांचं हे संशोधन. म्हणजे थोडी धाकधूक उपयोगाचीच; घात होतो तो अतिरेकाने.

‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’च्या पाट्या, स्मरणशक्तीची चूर्णं, परीक्षेआधी मनगटाला बांधलेला गंडा, यांपैकी कशानेही तो बाक लांब होत नाही. पालकांनी त्यावर पैसे घालवू नयेत.

शिक्षकांच्या हातात मात्र बरंच आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, असं शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत आढळलं. ही वेळ तीन सेकंदांवर नेली तेव्हा उत्तरं लांबली आणि गप्प राहणारी मुलं कमी झाली. दोन भाषा ओलांडून इंग्रजीपर्यंत येणाऱ्या मुलीला तीन सेकंदही अपुरेच. तिला आधी शेजारणीशी बोलू द्यावं, मग वर्गासमोर उभं करावं, आणि उच्चाराची चूक वाक्य पुरं झाल्यावरच सांगावी.