डोस कमी केला म्हणून भागत नाही

पेनिसिलिनची पहिली खरी परीक्षा उंदरांवर झाली, हे माणसाचं नशीबच. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये शास्त्रज्ञ हॉवर्ड फ्लोरी यांनी आठ उंदरांना जीवघेण्या जिवाणूंची लागण केली आणि चौघांना पेनिसिलिन टोचलं. त्या चौघांनी रात्र काढली. बाकीचे चार उजाडायच्या आत मेले. उंदरांच्या जागी गिनीपिग असते, तर औषधानंच त्यांचा जीव घेतला असता आणि पेनिसिलिन बहुधा विष म्हणून बाजूला पडलं असतं. एका प्राण्याला चालणारा उपचार दुसऱ्याला चालेलच असं नाही, डोस कमी केला तरी.

याचं कारण गिनीपिगच्या पोटात आहे. गिनीपिग काय किंवा ससा काय, गवत पचवतो तो आतड्यातल्या जिवाणूंच्या जिवावर. पेनिसिलिनच्या जातीची औषधं नेमके हेच जिवाणू मारतात. मग रिकाम्या जागेत क्लॉस्ट्रिडियम हा विष सोडणारा जिवाणू माजतो आणि त्याच्या विषानं प्राणी काही दिवसांत दगावतो. सशाला हे औषध गरज पडल्यास डॉक्टर इंजेक्शननं देतात, पण तोंडावाटे नाही. मुलाचं उरलेलं, याच जातीच्या अमॉक्सिसिलिनचं सिरप 'दोनच थेंब' म्हणून सशाला पाजणं किती महागात पडेल, ते यावरून कळावं. पिसवांसाठी कुत्र्यामांजरांच्या मानेवर टाकतात ते फिप्रोनिलही सशाला चालत नाही, आणि जंतांवरचं आयव्हरमेक्टिन कासवाला मारू शकतं.

भुलेचंही तसंच. ऑपरेशनआधी कुत्र्याला उपाशी ठेवतात, कारण भुलेत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. सशाला उलटी करताच येत नाही. त्याचं आतडं मात्र सतत चालतं राहावं लागतं. ते थांबलं की पोट फुगतं, दुखतं, ससा आणखी खाईनासा होतो आणि दुष्टचक्र सुरू होतं. म्हणून त्याला रात्रभर उपाशी ठेवत नाहीत, आणि शुद्धीवर आला की लगेच पुढ्यात गवत ठेवतात. दहा-बारा तास ससा खात नसेल, लेंड्या पडल्या नसतील, तर सकाळची वाट बघू नये.

सरपटणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्या शरीराला ऊब बाहेरून मिळते, त्यामुळे थंड पडलेल्या इग्वानात (मोठ्या पाळीव सरड्यात) प्रतिकारशक्तीही मंदावते आणि औषधही नीट काम करत नाही. अशा वेळी उपचाराची सुरुवात ऊब देणाऱ्या दिव्यापासून होते. दुसरं म्हणजे, त्यांच्या मागच्या अंगातलं बरंचसं रक्त हृदयाकडे परतताना मूत्रपिंडातून जाऊ शकतं. तिथे टोचलेलं औषध अंगभर पोचण्याआधीच बाहेर पडण्याची किंवा मूत्रपिंडालाच इजा करण्याची भीती असते. प्रत्यक्षात हा धोका सगळ्याच औषधांना लागू नाही. तरीही बरेच डॉक्टर सुई पुढच्या पायालाच लावतात.

कासवाची कवच मऊ पडल्याची तक्रारही बहुतेकदा दिव्याशीच येऊन थांबते. हाडांसाठी लागणारं ड जीवनसत्त्व त्याच्या कातडीत बनतं ते उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांमुळे, आणि साधी काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. खिडकीतल्या टाकीवर दिवसभर ऊन पडतं, मालक निर्धास्त असतो, आणि कासवाला त्यातला उपयोगाचा भाग मिळतच नाही. हे किरण देणारा यूव्हीबीचा दिवासुद्धा दिसायला लख्ख असताना आतून संपलेला असू शकतो.

पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, नसतं. छाती पुढेमागे हलली तरच हवा आत जाते. घाबरून घट्ट धरलेला पोपट हातातच गुदमरू शकतो. त्यात पक्षी आजार लपवण्यात पटाईत. पिसं फुगवून बसलेला दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो, म्हणून ग्रॅमचा काटा घरात हवाच. तीस-पस्तीस ग्रॅमच्या बजरीगरचं (छोट्या पाळीव पोपटाचं) वजन तीन-चार ग्रॅमनं उतरलं, तर ते दुखणंच समजावं.

आणि डॉक्टरकडे निघताना पिंजरा घासूनपुसून लख्ख करण्याचा आपला शिष्टाचार गुंडाळून ठेवावा. तळाचा कागद तसाच न्यावा. विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे युरेट, पक्ष्याची घट्ट लघवी. तो हिरवा किंवा पिवळा दिसला तर डॉक्टरांना यकृताचा संशय तिथेच येतो.