स्तनकर्करोगानंतरच्या हातसुजेवरील भौतिकोपचार

स्तनाच्या कर्करोगात काखेतील लसीका ग्रंथी काढल्या किंवा काखेला किरणोत्सर्ग दिला, की हातातून परतणाऱ्या लसीकेची (ऊतींमधून गोळा होऊन रक्तात परतणाऱ्या द्रवाची) वाट अरुंद होते. प्रथिनयुक्त द्रव त्वचेखाली साचतो आणि हात सुजतो. या विकाराला लसीकाशोफ किंवा लिम्फिडिमा म्हणतात. काखेतील ग्रंथींचा पूर्ण संच काढलेल्या साधारण पाच जणींपैकी एकीला तो होतो. अंगठी वा बांगड्या घट्ट होणे, ब्लाऊजची बाही रुतणे, हात जड वाटणे ही सुरुवातीची लक्षणे. उपचार याच टप्प्यावर सुरू व्हावेत, कारण पुढे तिथे चरबी आणि तंतुमय ऊती वाढतात व हात टणक होतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा इथे उपयोग नाही: पाणी निघाले तरी प्रथिने मागे राहतात.

दोन्ही हातांचा घेर मनगटापासून दर ४ सेंमीवर मोजतात. २ सेंमी किंवा अधिक फरक दखल घेण्याजोगा. जास्त वापरातला हात मुळातच थोडा जाड असतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीची मापे हाताशी असलेली बरी.

उपचाराच्या पहिल्या टप्प्यात साधारण २ ते ४ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस उपचार असतात. लसीका-मालिशीत फक्त त्वचा हलकेच ताणतात. आधी मान, विरुद्ध बाजूची काख व त्याच बाजूची जांघ, मग छाती-पाठ, नंतर दंड आणि शेवटी पंजा, असा क्रम असतो. वरची वाट मोकळी नसेल तर खालचा द्रव जाणार कुठे? तेल लावून जोरात रगडल्याने सूज वाढू शकते.

मात्र खरी भिस्त पट्ट्यांवर आहे. मालिशीने उतरलेली सूज पट्टी नसेल तर परत भरते. आधी सुती नळीदार कापड, मग बोटांना बारीक गॉझपट्टी, त्यावर कापूस किंवा फोमचा थर आणि शेवटी कमी ताणणाऱ्या पट्ट्या: पंजाला ६, पुढच्या हाताला ८, दंडाला १० सेंमी रुंद. स्नायू फुगताना ही पट्टी मागे हटत नाही, त्यामुळे प्रत्येक हालचालीने द्रव वर ढकलला जातो. नेहमीचे क्रेप बँडेज ताणले जाते, त्यामुळे हे काम त्याच्याने होत नाही. दाब पंजाशी सर्वांत जास्त, वर कमी होत जाणारा हवा. त्यासाठी खाली जास्त थर देतात. कोपराच्या खाचेत पट्टीची घडी पडली तर तिथे आवळते आणि पंजा फुगतो. बोटे निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर पट्टी लगेच सोडावी.

पट्टी बांधलेली असतानाच मूठ उघडझाक, कोपर वाकवणे, खांदे फिरवणे असे व्यायाम करतात. वजन उचलायचेच नाही, ही समजूत जुनी झाली. २००९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत देखरेखीखाली हळूहळू वाढवलेल्या वजनांनी सूज वाढली नाही.

मापे स्थिरावली की दाबबाही (हातावर दाब देणारी घट्ट बाही) शिवून किंवा मापाने घ्यावी. आधी घेतली तर ती सैल होते. ती सकाळी, सूज कमी असताना, रबरी हातमोजे घालून चढवावी. वरची कड दुमडू नये. दोन बाह्या आलटूनपालटून वापराव्यात आणि साधारण सहा महिन्यांनी बदलाव्यात. पंजाही सुजत असेल तर दाब देणारा हातमोजा लागतोच.

हात लाल, गरम झाला आणि थंडी-ताप आला तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. मालिश व पट्ट्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. अचानक वाढलेल्या किंवा दुखऱ्या सुजेत रक्ताची गुठळी व कर्करोगाचा पुनरुद्भव नाही, हे तपासल्याशिवाय भौतिकोपचार सुरू करू नयेत.